मणका ‘बसवून’ घ्यायला निघालात? या चुका टाळा

कमरेत उसण भरली की पूर्वी पायाळू माणसाकडून पाठीला पाय लावून घ्यायचे. आता रील बघतात आणि मोबाइलवर जवळचा कायरोप्रॅक्टर, म्हणजे हाताने झटका देऊन मणके ‘बसवणारा’, शोधतात. नाशिकमध्ये गंगापूर रोडपासून नाशिकरोडपर्यंतच्या नावांची रांग लागते, तारेही भरपूर असतात. पायाळू माणूस निदान बारा सेशनचं पॅकेज तरी विकत नव्हता.

‘रजिस्टर्ड आहात ना?’ एवढंच विचारणं

याचं उत्तर ‘हो’ असंच येणार. विचारायचं ते असं: कुठल्या परिषदेत नोंदणी आहे आणि नंबर काय? कारण कायरोप्रॅक्टर म्हणून नोंदणी करणारी वैधानिक परिषद भारतात नाहीच. अमेरिकेत ‘डीसी’ (डॉक्टर ऑफ कायरोप्रॅक्टिक) ही सुमारे चार वर्षांची पदवी आहे आणि वर राज्याचा परवाना लागतो. ब्रिटनमध्ये १९९४ च्या कायद्याने बनलेली परिषद नावांची यादी ठेवते. आपल्याकडे तशी यादी नसल्याने पाटीवरच्या ‘कायरो’ शब्दाखाली कुणीही असू शकतं: फिजिओथेरपिस्ट, बीएएमएस, किंवा चार दिवसांचं शिबिर करून आलेला जिम ट्रेनर. म्हणून तपासायची ती मूळ पदवी.

समजा पाटी अशी आहे: ‘बीपीटीएच, एमआयएपी, सर्टिफाइड कायरोप्रॅक्टर’. यातली पदवी एकच, बीपीटीएच, म्हणजे फिजिओथेरपीची. इंटर्नशिप धरून ती आतापर्यंत साधारण साडेचार वर्षांची. एमआयएपी म्हणजे फिजिओथेरपिस्टांच्या संघटनेचं सभासदत्व, आणि ‘सर्टिफाइड’ म्हणजे कुठलासा कोर्स. तो किती तासांचा आणि कुणी घेतला, हे सरळ विचारा. चांगला माणूस त्याने दुखावत नाही.

फिजिओथेरपिस्टचं नाव महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेच्या नोंदवहीत हवं. एमबीबीएस किंवा एमएस ऑर्थो असेल तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल, बीएएमएस असेल तर महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिन. नंबर परिषदेच्या संकेतस्थळावर टाका. नाव, पदवी आणि नूतनीकरणाची मुदत या तिन्ही गोष्टी जुळायला हव्यात. नंबर खरा पण माणूस भलताच, असंही होतं. संकेतस्थळावर सापडत नसेल तर परिषदेला ईमेल करून विचारा. आरोग्य विज्ञान विद्यापीठ म्हसरूळलाच आहे म्हणून तिकडे चक्कर मारायची गरज नाही. ते पदवी देतं, व्यवसायाची नोंदणी परिषदेकडेच असते.

परदेशी डीसी असेल तर कॉलेजच्या नावावर थांबू नका. कुठल्या देशाचा किंवा राज्याचा परवाना आणि तो आज चालू आहे का, हे तिथल्या मंडळाच्या संकेतस्थळावर दिसतं.

‘इन्शुरन्स चालतो’ या पाटीवर विसंबणं

सगळ्यात जास्त पैसे इथेच बुडतात. क्लिनिकवाला ‘चालतो’ म्हणतो तेव्हा बऱ्याचदा त्याचा अर्थ ‘बिल देतो, क्लेमचं तुम्ही बघा’ एवढाच असतो.

पॉलिसीचं पुस्तक काढा आणि व्याख्यांच्या पानावर ‘मेडिकल प्रॅक्टिशनर’ शोधा. तिथे वैद्यकीय, भारतीय वैद्यक किंवा होमिओपॅथी परिषदेची वैध नोंदणी मागितलेली असते. कायरोप्रॅक्टर त्यात बसत नाही; फिजिओथेरपिस्टही स्वतःच्या बळावर बसत नाही, त्याला डॉक्टरची चिठ्ठी लागते. कायरोप्रॅक्टिक आयुषमध्येही (आयुर्वेद, होमिओपॅथी वगैरे) मोडत नाही, त्यामुळे आयुषचं कव्हर दाखवून उपयोग नाही. मग वगळलेल्या गोष्टींची यादी बघा, तिथे प्रत्येकीला ‘एक्सक्ल’ (एक्सक्लूजन) असा क्रमांक असतो: ‘एक्सक्ल १३’ मध्ये स्पा आणि निसर्गोपचार केंद्रं येतात, ‘एक्सक्ल १६’ मध्ये सिद्ध न झालेले उपचार. नकाराच्या पत्रात हेच आकडे दिसू शकतात.

दुसरं, साध्या मेडिक्लेममध्ये साधारण २४ तासांचं ॲडमिशन किंवा यादीतली डे केअर प्रक्रिया लागते. अर्ध्या तासाचं सेशन म्हणजे ओपीडी. मात्र मणक्याचं ऑपरेशन झालं असेल आणि सर्जनने फिजिओथेरपी लिहून दिली असेल, तर तो खर्च डिस्चार्जनंतरच्या मुदतीत मागता येतो. आरोग्य संजीवनी पॉलिसीत ही मुदत ६० दिवसांची आहे. पॉलिसी नवी असेल तर आणखी एक अडचण: बऱ्याच कंपन्या मणक्याच्या विकारांना पहिले २४ महिने कव्हर देत नाहीत.

ओपीडीचा रायडर (पॉलिसीला जोडलेलं जादा कव्हर) घेतलेला असेल तर आधी कंपनीला ईमेल करा. उपचार करणाऱ्याचं नाव, पदवी, नोंदणी क्रमांक आणि एका सेशनचा दर लिहून ‘हा खर्च मिळेल का’ असं विचारा. फोनवरचं ‘मिळेल सर’ क्लेमच्या वेळी उपयोगी पडत नाही.

आणि ‘आपण बिल फिजिओच्या नावाने करून देऊ’ असं कुणी म्हणालं तर तिथून निघा. खोट्या बिलामुळे एक क्लेम नाही, अख्खी पॉलिसी रद्द होऊ शकते.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत काम करताना ईएसआयचे पैसे कापले जात असतील, तर खिशातले घालवण्याआधी सातपूरच्या कामगार विमा रुग्णालयात दाखवून घ्या.

‘कट्’ आवाज आला म्हणजे मणका बसला असं समजणं

तो आवाज सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होण्याचा असतो. हाड जागेवर सरकल्याचा तो पुरावा नाही. आवाज आला नाही म्हणून पुन्हा जोर लावणारा हात धोक्याचा.

लघवी-शौचावरचा ताबा गेला असेल, मांड्यांच्या आतला भाग बधिर असेल, पायातली ताकद कमी होत असेल, तर आधी हॉस्पिटल. पाठदुखीबरोबर ताप किंवा वजन घटणं, पडल्याचा मार, ठिसूळ हाडं, रक्त पातळ करणारी गोळी, कॅन्सरचा इतिहास, यातलं काहीही असेल तर आधी ऑर्थोपेडिक डॉक्टर. हे प्रश्न न विचारताच कुणी झोपवून मान फिरवायला लागला, तर उठून बसा.

सेशननंतर एक-दोन दिवस अंग ठणकणं चालतं. पण मानेला झटका दिल्यावर चक्कर, दोन दोन दिसणं, बोबडी वळणं किंवा चेहरा वाकडा होणं म्हणजे मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा झालेली असू शकते. ‘विचारून बघू’ म्हणत त्याच क्लिनिकला फोन लावत बसू नका, १०८ लावा.

पॅकेजचे पैसे आगाऊ भरणं

तीन-चार सेशनचेच द्या, आणि पावतीवर नोंदणी क्रमांक लिहून घ्या. पैसे परत द्यायला नकार मिळाला तर जिल्हा ग्राहक आयोगात तीच पावती लागते. विम्याच्या नकाराचा रस्ता वेगळा आहे. आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. एका महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जा. नाशिकसाठी ते कार्यालय पुण्याला आहे. तिथे फी नाही आणि वकीलही लागत नाही.