घरचा हरभरा, घरचे तीळ: तेल न ओतता मऊसूत हमस कसं करावं

हमस म्हणजे अरबी भाषेत हरभराच. लेबनॉन, सीरिया, पॅलेस्टाइनकडच्या घरांत शिजवलेले काबुली चणे, वाटलेले तीळ, निंबू, लसूण आणि मीठ एवढ्यावर ते तयार होतं. विदर्भातल्या गावात यातलं काही शोधत फिरावं लागत नाही. हरभरा तर रब्बीचं पीकच आहे, आणि काबुलीसाठी अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने ‘पीकेव्ही काबुली-२’सारखे वाणही दिले आहेत.

घरी केलेलं हमस रवाळ झालं की बहुतेक जण मिक्सरमध्ये तेल ओततात. तिथेच पदार्थ जड होतो, कारण एका मोठ्या चमचाभर तेलात सुमारे १२० कॅलरी असतात. शिवाय रवाळपणा तेलाने जात नाही. मऊपणा येतो तो चणे पुरते शिजल्याने आणि तीळ नीट वाटल्याने. ही दोन कामं साधली की वाटणात तेलाची गरज उरत नाही.

सामान (६–७ माणसांना)

काबुली चणे पावकिलो, पांढरे तीळ १०० ग्रॅम, मध्यम आकाराचे रसदार निंबू ३, लसणाच्या ४ पाकळ्या, मीठ एक लहान चमचा, जिरेपूड अर्धा चमचा, खायचा सोडा एक सपाट लहान चमचा आणि माठाचं गार पाणी. वरून घालायला घाणीचं फल्लीतेल (शेंगदाण्याचं तेल) किंवा जवसाचं तेल, तेही फक्त २ चमचे.

चणे या वर्षीचे घ्या. जुना चणा कितीही भिजवला तरी आतून कडक राहतो, मग कुकरच्या शिट्ट्या वाढवूनही उपयोग होत नाही.

चणे भिजवणे आणि शिजवणे

चणे निवडून, धुऊन भरपूर पाण्यात टाका आणि त्यात सोडा मिसळा. ते फुगून दुपटीहून जास्त होतात, म्हणून मोठा गंज (पातेलं) घ्या. १० ते १२ तास लागतात. उन्हाळ्यात मात्र रात्रभर उघड्यावर राहिलेलं पाणी आंबतं, त्यामुळे ८ तास पुरे, किंवा मध्ये एकदा पाणी बदला. सोड्यामुळे सालीतलं आणि दाण्यातलं पेक्टिन, म्हणजे दाणा घट्ट धरून ठेवणारा घटक, सैल होतं आणि चणा लवकर मऊ पडतो.

पाणी इथे फार महत्त्वाचं आहे. बोरचं पाणी जड असेल, म्हणजे उकळल्यावर भांड्याला पांढरा थर धरत असेल, तर त्यातल्या क्षारांमुळे दाणा शिजत नाही. तेच पाणी आधी उकळून गार करा, वरचं निवळ पाणी घ्या. पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचं पाणी खारट असतं, तिथे नळाचं पाणी वापरा आणि मीठ शेवटी चाखूनच घाला.

भिजलेले चणे ३–४ पाण्यांनी धुऊन सोडा पूर्ण काढा. हे विसरलात तर हमसला साबणासारखी चव येते, आणि अॅल्युमिनियमचा कुकर असेल तर तो काळाही पडतो. मग चणे बुडून वर दोन बोटं येईल एवढं पाणी घालून ५–६ शिट्ट्या काढा आणि मंद आचेवर १५ मिनिटं ठेवा. शिजताना निंबू किंवा चिंच अजिबात नको. आंबटात दाणा मऊ होत नाही.

वाफ गेल्यावर एक चणा अंगठा आणि बोटामध्ये दाबा. लोण्यासारखा पसरला पाहिजे. मध्ये बारीक कणी लागली तर पुन्हा ३ शिट्ट्या. भाजीला चणा अख्खा राहिलेला चांगला, हमसला तो फुटलेलाच हवा. उकडलेलं पाणी फेकू नका, एक वाटी बाजूला ठेवा.

साली काढायच्या तर चणे गार पाण्यात टाकून हलक्या हाताने चोळा, त्या वर तरंगतात. काढल्या तर हमस रेशमासारखं होतं, पण सालीत तंतू असतात, पोटासाठी ते चांगले. चणे नीट शिजले असतील तर साली ठेवल्या तरी चालतं.

तीळ वाटणे

धुतलेले, पॉलिशचे पांढरे तीळ घ्या. शेतातले सालीसकट तीळ थोडे कडवट लागतात. ते २ तास भिजवून जाड कापडात चोळा, साल धुऊन काढा आणि उन्हात वाळवा.

तीळ जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर ५ मिनिटं परता. तडतडू लागले आणि खमंग वास सुटला की लगेच ताटात काढा. तिळगुळासाठी भाजतो तेवढा रंग येऊ द्यायचा नाही. कढईतच राहू दिले तर तिच्या उष्णतेने ते करपतात, आणि करपलेल्या तिळाची कडू चव नंतर कशानेच झाकली जात नाही.

गार झालेले तीळ मिक्सरच्या लहान भांड्यात फिरवा. आधी कोरडी पूड होते, मग ती कडेला चिकटते. थांबा, चमच्याने खरवडून खाली ओढा, पुन्हा फिरवा. हे ६–७ वेळा करावं लागतं. भांडं तापलं तर दोन मिनिटं थांबा. हळूहळू तिळातलं तेल सुटतं आणि पूड ओली, चकचकीत होऊन चमच्यावरून धारेने पडते. तिथवर नाहीच पोचली तर चमचाभर तिळाचं तेल घाला.

एकत्र वाटणे

१. लसूण मिठासोबत ठेचा, निंबाचा रस घाला, १० मिनिटं ठेवा. आंबटामुळे कच्च्या लसणाचा झोंबरेपणा कमी होतो.

२. हा रस गाळून तिळाच्या पेस्टमध्ये घाला. पेस्ट एकदम घट्ट होऊन गोळा बनेल. बिघडली नाही, घाबरू नका. माठाचं गार पाणी एकेक चमचा घालत फेटा. ५–६ चमच्यांनंतर ती पांढुरकी आणि हलकी होते.

३. चणे कोमट असतानाच मिक्सरमध्ये टाका. गार झालेला चणा घट्ट होतो आणि रवाळ वाटला जातो. जिरेपूड घालून ३–४ मिनिटं वाटा, मग तिळाचं मिश्रण घालून पुन्हा वाटा. घट्ट वाटलं तर राखून ठेवलेलं चण्याचं पाणी घाला, तेल नाही.

गरम असताना जरा पातळच ठेवा, कारण निवल्यावर ते घट्ट होतं. मीठ आणि निंबू अर्ध्या तासाने पुन्हा चाखा.

लाइन गेली असेल तर पाट्यावर उत्तम होतं. आधी भाजलेले तीळ चमचाभर घेऊन वरवंट्याने रगडा. तेल सुटून पाटा ओला दिसू लागला की लसूण-मीठ, मग गरम चणे मूठमूठ करून वाटा. निंबू आणि पाणी शेवटी परातीत फेटून मिसळा.

काबुली नसेल तर

हरभऱ्याची डाळ वापरा. तिला साल नसतेच, ४ तास भिजवून ५ शिट्ट्यांत शिजते. चव थोडी गोडसर, पोत किंचित भरड, पण रोजच्या खाण्याला स्वस्त आणि झटपट. देशी लाल हरभऱ्याचं हमस काळपट आणि तुरट होतं, ते टाळलेलं बरं.

थंडीत हरभऱ्याचे किंवा तुरीचे सोले (ओले हिरवे दाणे) मिळतात, तेव्हा तर हेच करावं. २ वाट्या सोले उकळत्या पाण्यात मऊ होईपर्यंत शिजवा (कोवळे ६–७ मिनिटांत होतात), लगेच गार पाण्यात टाका म्हणजे हिरवा रंग टिकतो. ३ चमचे तिळाची पेस्ट, मूठभर सांभार (कोथिंबीर), एक हिरवी मिरची, निंबू आणि मीठ घालून वाटा. याला लसूण अर्धी पाकळीच, नाहीतर सोल्यांचा ओला वास हरवतो.

वांग्याचंही असंच होतं. भरताचं वांगं चुलीच्या निखाऱ्यावर पूर्ण बसेपर्यंत भाजा. सोलून चाळणीत १५ मिनिटं निथळू द्या, ही पायरी सोडली तर मिश्रण पाणचट आणि कडसर होतं. मिक्सर नको, काट्याने ठेचा. अर्धा किलो वांग्याला ३ चमचे तिळाची पेस्ट, एक निंबू, एक पाकळी लसूण.

वाढणे आणि टिकवणे

ताटलीत पसरून चमच्याच्या पाठीने मध्ये खळगा करा, त्यात तेल सोडा. जवसाचं तेल कच्चंच घालायचं, तापवायचं नाही. वर भिवापुरी तिखटाची चिमूट. सोबत काकडी, गाजर, मुळा आणि ज्वारीच्या भाकरीचे तव्यावर कडक केलेले तुकडे. लायसिन आणि मेथिओनिन हे प्रथिनांचे घटक. ज्वारीत लायसिन कमी असतं, ते हरभऱ्यात भरपूर. हरभऱ्यात मेथिओनिन कमी, ते तिळात. म्हणून भाकर आणि हमस मिळून चांगल्या प्रथिनांचं जेवण होतं.

फ्रिजमध्ये झाकून ३–४ दिवस टिकतं. फ्रिज नसेल तर लागेल तेवढंच करा आणि उन्हाळ्यात दोन तासांत संपवा. बुडबुडे, तार किंवा आंबूस वास आला की टाकून द्या. फ्रिजमधलं उरलेलं हमस दुसऱ्या दिवशी थालीपिठाच्या पिठात मळता येतं. त्या पिठात पाणी आणि मीठ दोन्ही कमी घाला.