बाप जेलमध्ये आणि पोटगीची ऑर्डर चालूच: नागपुरात ती बदलून कशी घ्यायची

पहिले एक गैरसमज डोक्यातून काढा. माणूस आत गेला म्हणजे लेकराची पोटगी आपोआप थांबली, असं काही नसते. ऑर्डर जशीच्या तशी उभी राहते, दर महिन्याला थकबाकी चढते, आणि तो जामिनावर बाहेर आला की समोरून वसुलीचा अर्ज लागलेलाच असतो. मागची साचलेली रक्कम नंतर सहसा माफ होत नाही, म्हणून घरच्यांपैकी कोणीतरी, भाऊ म्हणा का वडील म्हणा, आत गेल्या गेल्या कामाला लागा.

सर्वात आधी ऑर्डरची सर्टिफाइड नक्कल काढा आणि ती कोणत्या कोर्टाची, कोणत्या कलमाखाली ते पाहा. शहरातली असेल तर बहुतेक फॅमिली कोर्टाची असते, काटोल, उमरेड, सावनेरकडची असेल तर तिथल्या जेएमएफसी (प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी) कोर्टाची. जुन्या ऑर्डरवर सीआरपीसी (जुनी फौजदारी प्रक्रिया संहिता) १२५ लिहिलेलं दिसेल, १ जुलै २०२४ पासून तेच बीएनएसएसचं (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम १४४ झालं. घरगुती हिंसाचार कायद्याखालची असेल तर रस्ता थोडा वेगळा, तिथे अपील सेशन कोर्टात आणि मुदत ३० दिवस.

आता तक्रार नेमकी काय आहे ते ठरवा, कारण लोक इथेच घोळ घालतात. नोटीस घरी आली, हा जेलमध्ये, कोणी काही केलं नाही आणि ऑर्डर एकतर्फी झाली, तर बीएनएसएसच्या कलम १४५ खाली त्याच कोर्टात ती रद्द करायचा अर्ज टाका, ऑर्डरपासून ३ महिन्यांच्या आत. ऑर्डर मुळातच चुकली असं वाटत असेल, म्हणजे पगार भलताच धरला वगैरे, तर फॅमिली कोर्टाच्या अशा ऑर्डरवर रिव्हिजन (फेरतपासणीचा अर्ज) हायकोर्टात जाते, आपल्याकडे सिव्हिल लाईन्सच्या नागपूर खंडपीठात. पण बहुतेकांचं प्रकरण तिसरं असते: ऑर्डर झाली तेव्हा बरोबर होती, नंतर माणूस आत गेला आणि कमाई बंद पडली. त्यासाठी बीएनएसएसचंच कलम १४६, म्हणजे परिस्थिती बदलली म्हणून रक्कम बदलून मागणं, आणि हा अर्ज ज्या कोर्टाने ऑर्डर दिली तिथेच.

या अर्जात "पोटगी रद्द करा" असं मागू नका बाप्पा. लेकराला दूध, शाळेची फी लागतेच न, बाप कुठंही असो, आणि जज पण पहिले तेच पाहतो. रक्कम कमी करून मागा, अर्ज टाकल्याच्या तारखेपासून मागा, आणि आकडा स्वतःच सुचवा, अमुक इतके घरून भरू शकतो असा. दर महिन्याला थोडे का होईना लेकराच्या आईच्या खात्यात टाकत राहा, ट्रान्सफरनेच, हातात रोख दिलेले पैसे नंतर सिद्ध करता करता नाकी नऊ येते.

कागदं कोणती लागतील? जेल अधीक्षकांकडून कधीपासून आत आहे त्याचं सर्टिफिकेट, नोकरी गेली असेल तर काढल्याचं पत्र, धंदा असेल तर बँक स्टेटमेंट आणि इन्कम टॅक्स रिटर्न. सरकारी नोकर ४८ तासांच्या वर कोठडीत राहिला की निलंबित धरला जातो, पण त्याला निर्वाह भत्ता मिळतो आणि कोर्ट तोही मोजते. खरी गोम प्रॉपर्टीत आहे. सुप्रीम कोर्टाच्या २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून दोन्ही बाजूंना मालमत्ता आणि कर्ज-देणी यांचं शपथपत्र द्यावं लागते, आणि शेती नावावर असून, वरच्या मजल्याचं भाडं येत असून "काहीच नाही" लिहिलं तर समोरचा वकील सातबारा काढून ठेवतो, मग अर्जाची पार वाट लागते. नुसतं जेलमध्ये असणं पुरेसं नाही, ऐपत खरंच गेली हे दाखवावं लागते. लेकराची आई कमावत असेल तर तिचा वाटा किती हाही मुद्दा मांडता येतो, फक्त तोंड सांभाळून, विशेषतः तिच्याच केसमध्ये आत गेला असेल तर.

वकिलाच्या पैशासाठी अडून राहू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ खाली कोठडीतल्या माणसाला वकील फुकट मिळतो, उत्पन्न कितीही असो, आणि आई-लेकरालाही तसाच मिळतो. वर्धा रोडच्या सेंट्रल जेलमध्ये आतूनच लीगल एडसाठी (फुकट वकिलासाठी) अर्ज देता येतो, बाहेरून तुम्ही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, नाहीतर १५१०० वर फोन लावा. खाजगी वकील केला तर वकीलपत्र जेलमध्ये पाठवून त्याची सही आणि जेलरचा शिक्का घ्या, शपथपत्राचंही तसंच, आणि यात दिवस जातात म्हणून सगळे कागद एकदमच पाठवा. पेशीला त्याला व्हीसीवरून (व्हिडिओ कॉन्फरन्स) हजर करा असा अर्ज वकिलाला आधीच टाकायला सांगा.

अर्ज टाकला म्हणजे जुनी ऑर्डर थांबली असं समजू नका, नवीन होईपर्यंत जुनीच चालते. पैसे थकले तर कोर्ट वॉरंट काढून प्रत्येक थकलेल्या महिन्यामागे एक महिन्यापर्यंत कैद देऊ शकते, आणि ती भोगली तरी पैसे फिटत नाहीत, सुप्रीम कोर्टाने १९८९ मध्येच कुलदीप कौरच्या केसमध्ये हे सांगितलं आहे. म्हणून पुढची पेशी ई-कोर्ट्स ॲपवर सीएनआर नंबर (प्रत्येक केसचा वेगळा ओळख क्रमांक) टाकून दर आठवड्याला पाहा आणि जेलमध्ये मुलाखतीला गेले की त्यालाही तारीख सांगा, आत त्याला कोणी सांगेलच असं नाही.