मॉडेल रेल्वेच्या रुळांत खडी कशी भरावी

घरच्या मॉडेल रेल्वेत सगळ्यात जास्त कष्ट वाया जातात ते खडी भरताना. रूळ चांगले बसलेले असतात, गाडी सुरळीत धावत असते. मग खडी ओतून तिच्यावर पातळ फेविकॉल मारला जातो आणि सगळा विचका होतो. खडीचे गोळे होतात, स्लीपर पांढरे पडतात, सांधे (गाडीचा रूळ बदलणारे पॉइंट) जाम होतात. ‘खडी पसरा, गोंद टाका, झालं’ असं सांगणारे व्हिडिओ खंडीभर आहेत. या दोन वाक्यांच्या मधे जे करायचं असतं ते त्यांत नसतं, आणि खरं काम तेवढंच आहे.

उदाहरण कर्जत-लोणावळ्याच्या भोर घाटाचं घेतो. १८६३ साली सुरू झालेला हा मार्ग दर ३७ मीटरला एक मीटर चढतो. एचओ मापात, म्हणजे १:८७ मध्ये, तोच चढ ठेवला तर एका रुळावरून दुसरा रूळ नेण्यासाठी लागणारी ७५ मिलीमीटर उंची गाठायला पावणेतीन मीटर लांबी लागते. ओव्हरहेड वायर दाखवणार असाल तर आणखी जास्त. जागा नसेल तर घाट उभा करू नका, घाटाचा एक तुकडा करा. वळणाची त्रिज्या ६०० मिलीमीटरच्या खाली नेऊ नका. आपला ओळखीचा निळा आयसीएफ डबा (चेन्नईच्या कारखान्यात बनलेला जुना प्रवासी डबा) या मापात साडेचोवीस सेंटीमीटरचा होतो आणि आवळ वळणावर तो विद्रूप दिसतो. एचओचा रूळ १६.५ मिलीमीटर रुंदीचा मिळतो आणि आपला ब्रॉडगेज हिशोबाने १९.३ भरतो, हे खरं आहे. त्याच्या नादी लागू नका.

पाया १२ मिलीमीटरच्या बीडब्ल्यूपी, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या, प्लायचा, त्यावर ३ मिलीमीटर कॉर्क, त्यावर रूळ. प्रत्येक तुकड्याला खालून वायर सोल्डर करा, रुळाच्या निव्वळ जोडपट्टीवर विसंबू नका. जोडात कागदाएवढी फट राहू द्या, लाकूड पावसाळ्यात फुगतं आणि कोरड्या हवेत आकसतं. रुळांच्या बाजू गंजाच्या तपकिरी रंगाने आणि स्लीपर काँक्रीटच्या राखाडी रंगाने रंगवून माथा लगेच पुसा. प्लास्टरची कामं खडीच्या आधी उरका आणि गवत खडीनंतर लावा.

आता खडी.

विकतची परदेशी खडी बहुतेक वेळा फिकट, गुलाबी किंवा पिवळसर निघते. सह्याद्रीत रुळाखाली काळा दगड असतो, म्हणून खडी इथलीच घ्या. बांधकामावर काळ्या दगडाची कच मिळते. रेल्वेची खरी खडी साधारण २० ते ६५ मिलीमीटरची असते, म्हणजे आपल्याला पाव ते पाऊण मिलीमीटरचे कण हवेत. मैद्याच्या चाळणीतून खाली पडेल ते घ्या, बादलीत पाणी घालून ढवळा आणि गढूळ पाणी ओतून देत राहा. पाणी नितळ झालं की पूड निघून गेली. मग उन्हात खडखडीत वाळवा. समुद्राची वाळू कुणी कितीही सुचवली तरी वापरू नका. तिच्यात मीठ असतं, शिंपल्यांचा चुरा असतो आणि रंगही चुकीचा असतो.

यानंतरची पायरी हमखास गाळली जाते. आपल्या काळ्या दगडात मॅग्नेटाइट असतं आणि इंजिनाच्या मोटरमध्ये चुंबक असतो. सुटे राहिलेले कण मोटर वर ओढून घेते, ते दात्यांत शिरतात आणि इंजिन करकरायला लागतं. जुन्या स्पीकरचा चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वाळलेल्या खडीतून फिरवा, चिकटेल ते टाकून द्या. निम्म्याहून जास्त चिकटत असेल तर ती कच डोंगरउतारासाठी ठेवा, रुळांसाठी दुसरीकडची आणा.

भरताना दुमडलेल्या कागदावरून खडी आधी रुळांच्या मधे आणि मग बाहेर सोडा. चपट्या मऊ ब्रशने सारा. नंतर ब्रशच्या दांड्याने रुळावर हलकेच टकटक करत पुढे जा, म्हणजे स्लीपरवरचे कण आपोआप खाली बसतात. खडी स्लीपरच्या माथ्यापेक्षा किंचित खाली राहिली पाहिजे. स्लीपरच्या बाहेरची खडीची सपाट पट्टी, म्हणजे खांदा, चार मिलीमीटर पुरे, पुढे उतार. आता दिवा घालवा आणि मोबाइलचा टॉर्च रुळाच्या पातळीवर आडवा धरा. स्लीपरवर राहिलेला एकेक कण लांब सावली टाकतो आणि रुळाच्या आतल्या बाजूला चिकटलेला कणही दिसतो. त्या एका कणाने चाकाची कडा उचलली जाते आणि डबा घसरतो. हे कण गोंदाआधी काढायला क्षणभर लागतो. गोंदानंतर स्क्रू ड्रायव्हरने खरवडत बसावं लागतं.

आणि आता तो मधला टप्पा, ज्याने मला बराच काळ छळलं. कोरड्या खडीवर पातळ गोंदाचा थेंब पडला की तो आत जात नाही. पाण्याचा पृष्ठताण त्याला गोल धरून ठेवतो, थेंब बारीक धुळीत गुंडाळला जातो, शेजारचे कण ओढतो आणि खड्डा पडतो. गोंद आणखी पातळ करून हे सुटत नाही. खडी आधी पूर्ण भिजलेली असावी लागते, नुसती ओलसर नव्हे. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मं निम्मं घ्या. बारीक फवाऱ्याची बाटली हातभर वर धरून फवारा आडवा मारा, म्हणजे धुकं खाली उतरेल. थेट खडीवर मारलात तर भरलेली सगळी खडी उडेल. खडीचा रंग एकसारखा गडद होईपर्यंत थांबू नका. खिडक्या उघड्या, पंखा बंद, रुळांचा वीजपुरवठा बंद, आणि सोल्डरिंग आयर्न खोलीत तापलेलं नको. हे द्रावण पेट घेतं.

खडी ओली असतानाच गोंद द्यायचा. एक भाग फेविकॉल, दोन भाग पाणी, भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब. सुई काढलेली सिरिंज स्लीपरच्या कडेला टेकवून हळू दाबा. गोंद स्वतःहून बाजूला पसरताना दिसला पाहिजे. थेंब वर उभा राहिला तर सिरिंज खाली ठेवा आणि पुन्हा फवारा मारा. कणांच्या मधे दुधाळ पाणी दिसलं की पुढे सरका. खांद्याला शेवटी द्या. पाण्याने न सुटणारा मरीन फेविकॉल वापरू नका. साधा फेविकॉल कोमट पाण्याने मऊ होतो आणि उद्या रूळ हलवायचा झाला तर तो सुखरूप निघतो. एक पूर्ण दिवस हात लावू नका. पावसाळ्यात दोन दिवस धरा, आणि शक्य असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये हे काम काढूच नका.

सांध्यांना ही पद्धत अजिबात चालत नाही. सरकणाऱ्या पात्यांखाली आणि ती पाती सरकवणाऱ्या दांडीच्या आसपास खडी टाकूच नका. तिथला पाया आधी खडीच्याच गडद राखाडी रंगाने रंगवा, दोन हातांवरून फरक कळत नाही. बाकीच्या भागात चिमटीने थोडी थोडी खडी टाका, गोंद टूथपिकने द्या आणि दर दहा मिनिटांनी सांधा दोन्हीकडे बदलून पाहा. सांध्यावर फवारा कधीच मारू नका, गोंद वाहत जाऊन बिजागरीत बसतो.

डोंगराबद्दल एकच आग्रह. साच्यातून काढलेले तिरक्या थरांचे परदेशी खडक इथे लावू नका. सह्याद्री लाव्हाच्या एकावर एक आडव्या थरांनी बनला आहे, त्यामुळे थर्माकोल आडवाच कापा, पायरी-पायरीने मागे घ्या आणि प्लास्टर ओलं असताना आडव्याच रेषा ओढा. ऋतू एकच ठरवा. पावसाळा असेल तर कातळ ओला काळा, कडेकडेने शेवाळ आणि धबधबा. उन्हाळा असेल तर वाळलेलं पिवळं गवत, त्यासाठी सुतळीचे तंतू कापून वापरा. दोन्हींची सरमिसळ डोळ्यांना लगेच खटकते. पुण्यात असाल तर कोथरूडचं जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय पाहून या.

खडी वाळल्यावर व्हॅक्यूमच्या तोंडाला पातळ कापड बांधून सुटे कण ओढून घ्या, रुळांचे माथे अल्कोहोलने पुसा आणि एकटं इंजिन सगळ्यात कमी वेगाने दोन्ही दिशांना चालवा. जिथे ते अडखळेल तिथे खडूने खूण करा. रुळाच्या आतली बाजू आधी तपासा, वायर नंतर. मग डबे जोडा आणि कर्जतला लावतात तसं मागून ढकलणारं बँकर इंजिन लावून गाडी चढावर पाठवा. मागून जोर आल्यावर डबे घसरले नाहीत तर रूळ आणि खडी दोन्ही पक्के बसले आहेत.