बोलकी हातबाहुली: आधी हात मोजा, मग चेहरा काढा

हातबाहुली करायला बसलं की बहुतेकजण आधी चेहरा काढतात. टपोरे डोळे, गोल नाक, विस्कटलेले केस. कागदावर ती गोड दिसते, पण हातात चढवली की बोटं आत अडकतात, तोंड जेमतेम उघडतं आणि पाच मिनिटांत मनगट भरून येतं. माझी पहिली बाहुली अशीच झाली होती. तेव्हापासून मी सुरुवात हातापासून करते आणि नवीन शिकणाऱ्यालाही तेच सांगते.

हातबाहुलीचे ढोबळ दोन प्रकार. एकात तर्जनी डोक्यात जाते, अंगठा आणि मधलं बोट बाहुलीच्या दोन हातांत. ही बाहुली टाळ्या वाजवते, वस्तू उचलते, पण तिचं तोंड उघडत नाही. दुसऱ्या प्रकारात चार बोटं वरच्या जबड्यात आणि अंगठा खालच्या जबड्यात. ही बोलते. इथे आपण दुसरी करू.

माप आणि स्वभाव

चार बोटं एकत्र आणि अंगठा खाली, अशी बदकाच्या चोचीसारखी मूठ करून हात कागदावर आडवा ठेवा आणि रेघ मारा. चार बोटांची रुंदी, बोटांच्या टोकापासून अंगठ्याच्या बेचक्यापर्यंतचं अंतर आणि मनगटापासून कोपरापर्यंतची लांबी लिहून ठेवा. पुढची मापं मध्यम आकाराच्या प्रौढ हाताची आहेत. तुमच्या हाताप्रमाणे कमीजास्त करा.

आता पात्र. ‘उंदीर करायचाय’ एवढं पुरत नाही. कुणी बोलत नसताना तो काय करतो, हे ठरवा. सारखा मागे वळून पाहणारा भित्रा उंदीर असेल तर भुवया वर चढलेल्या, डोळे जवळजवळ, तोंड लहान. फुशारकी मारणारा असेल तर रुंद तोंड आणि अर्धवट झाकलेल्या पापण्या. हे आधी ठरलं की कापड निवडतानासुद्धा हात अडखळत नाही.

तोंड

बाहुलीचा सांगाडा म्हणजे तिचं तोंड. जाड पुठ्ठ्याचे दोन अर्धगोलसर तुकडे कापा, प्रत्येकी ११ सेंमी रुंद आणि १० सेंमी लांब. सरळ कडा समोरासमोर ठेवून मध्ये दोन-तीन मिलिमीटरची फट सोडा आणि वरून मजबूत कापडाची पट्टी चिकटवा. हीच बिजागरी. फट ठेवली नाही तर तोंड पूर्ण मिटत नाही. आतल्या बाजूला लाल किंवा गडद गुलाबी फेल्ट चिकटवा, जीभ हवी असेल तर आत्ताच लावा.

मागच्या बाजूला वरच्या तुकड्यावर चार बोटांसाठी रुंद इलॅस्टिकची पट्टी आणि खाली अंगठ्यासाठी कापडी खिसा लावा. पट्टी घट्ट हवी. हात घालून तोंड उघडमीट करून बघा. बोट निसटत असेल तर पुढे जाऊ नका, डोकं बसल्यावर आत हात घालून दुरुस्ती करणं फार अवघड जातं.

डोकं

साधारण १२ मिलिमीटर जाडीचा फोम घ्या. त्यावर २६ सेंमी व्यासाचं वर्तुळ काढा. ब्लाउजला टक्स घेतात तशा सहा पाचरी कडेकडून मध्याकडे काढा. प्रत्येक पाचर कडेला ५ सेंमी रुंद, आत निमुळती आणि मध्यबिंदूच्या ४ सेंमी अलीकडे संपणारी. पाचरीच्या बाजू सरळ ओढण्याऐवजी किंचित फुगीर काढा, म्हणजे डोकं टोकदार न होता गोलसर येतं. कटरला नवं पातं लावा आणि ते उभं धरा. बोथट पातं फोम कुरतडतं.

पाचरी कापून कडा एकमेकींना चिकटवल्या की वाटीसारखा घुमट तयार होतो. गोंद रबरी, बूट-चपलांना वापरतात तसा. दोन्ही कडांना पातळ थर लावा, हाताला चिकटेनासा होईपर्यंत थांबा आणि मगच दाबा. एकदा चिकटलं की सुटत नाही, त्यामुळे जोडायच्या आधी पेनाने खुणा केलेल्या बऱ्या. खिडक्या उघड्या ठेवा, या गोंदाचा वास डोक्यात जातो.

घुमटाच्या कडेचा घेर साधारण ५२ सेंमी भरतो. त्यातला पुढचा अर्धा भाग वरच्या जबड्याच्या गोल कडेला चिकटवायचा. मागचा अर्धा मोकळा, तिथून हात आत जातो. खालच्या जबड्याला ३ सेंमी उंचीची फोमची पट्टी लावली की हनुवटी झाली.

कातडी

फ्लीसचं कापड सगळ्यात सोयीचं. ते ताणलं जातं, कडेने सुटत नाही आणि त्याच्या लवेत टाके दडतात. ते आडवं जास्त ताणलं जातं, म्हणून ताण डोक्याच्या रुंदीवर येईल असं धरा. लव वरून खाली यायला हवी. सगळे तुकडे एकाच दिशेने कापा, नाहीतर एकाच थानातलं कापड दोन रंगांचं वाटतं.

पॅटर्नसाठी सोपी युक्ती आहे. डोक्यावर पातळ प्लास्टिक घट्ट गुंडाळा, त्यावर कागदी टेपचा एक थर द्या, शिवण कुठे यायला हवी तिथे पेनाने रेघ ओढा आणि त्या रेघांवर कापून टेप सोडवा. सपाट झालेले तुकडे म्हणजे तुमच्याच बाहुलीचा पॅटर्न. भोवती ६ मिलिमीटर माया सोडून कापड कापा आणि उलट्या बाजूने शिवा. मुख्य शिवण डोक्याच्या मध्यावरून मागे न्या, चेहऱ्यावर येऊ देऊ नका. कातडी फोमला सगळीकडे चिकटवू नका. तोंडाच्या कडेला बारीक टाके घालून पक्की केली की पुरे. डोक्याखाली तुमचा हात झाकणारी बाही जोडा, ती कोपराच्याही चार-पाच सेंमी पुढे गेली पाहिजे.

डोळे

इथे घाई करू नका. बाहुली जिवंत वाटते ती डोळ्यांमुळे. अमेरिकन बाहुलीकार जिम हेन्सन यांनी १९५५ मध्ये केर्मिट ही बाहुली (पुढे बेडूक म्हणून गाजलेली) पहिल्यांदा केली तेव्हा अंगासाठी आईचा जुना कोट वापरला आणि डोळ्यांसाठी टेबल टेनिसच्या चेंडूचे दोन अर्धे भाग. आजही नवशिक्यासाठी तोच चेंडू उत्तम. त्याचा व्यास ४० मिलिमीटर, म्हणजे वरच्या मापाच्या डोक्याला बेताचा. चेंडू जुना असेल तर तो सेल्युलॉइडचा असू शकतो आणि सेल्युलॉइड क्षणात पेट घेतं. म्हणून तापवलेल्या पात्याने कापू नका, कटरने हळूहळू चीर पाडत जा.

अर्धगोल आधी टाचण्यांनी टोचून बसवा. काळ्या फेल्टची १२ ते १४ मिलिमीटरची बुबुळं कापून उलट वळवलेल्या टेपने तात्पुरती लावा. बाहुली हातात चढवून आरशासमोर दोन-तीन मीटरवर उभे राहा. बुबुळं बरोबर मध्यावर असतील तर ती शून्यात बघतेय असं वाटेल. आता दोन्ही बुबुळं नाकाच्या दिशेने जेमतेम तीन मिलिमीटर सरकवा. त्या तीन मिलिमीटरांत नजर एका ठिकाणी येऊन थांबते आणि बाहुली तुमच्याकडे बघायला लागते. मी कितीतरी वेळा हे केलंय, तरी त्या क्षणी अजूनही अंगावर काटा येतो. आणखी सरकवलीत तर ती तिरळी दिसेल.

मग पापण्या. फ्लीसची पट्टी डोळ्याच्या वरच्या तिसऱ्या हिश्श्यावर आडवी लावली की शांत, अर्ध्यावर आणली की झोपाळू, आतल्या टोकाला खाली झुकवली की रागीट. आमच्या भित्र्या उंदराला पापणीच नको. बुबुळाभोवती सगळीकडे पांढरं दिसलं की भीती आपोआप दिसते. चेहरा पटला की मगच चिकटवा. तीन वर्षांखालच्या मुलांसाठी बाहुली असेल तर चिकटवलेले डोळे, बटणं, मणी यांतलं काहीच नको, चेहरा दोऱ्याने भरून काढा.

वेष आणि रूप बदलणं

एकाच डोक्यातून पाच पात्रं करता येतात. नाक, मिशा, भुवया, कान यांच्या मागे वेल्क्रोची खरखरीत बाजू शिवा. ती बऱ्याच फ्लीसना नुसतीच धरते, तरी वारंवार काढघाल होणार असेल तर डोक्यावर मऊ बाजूचा छोटा तुकडा शिवा, नाहीतर कापडाला गोळे येतात. लहान लोहचुंबक वापरायचा मोह होतो, पण मुलं ते गिळू शकतात, म्हणून टाळाच.

केसांना लोकर चालते. लांब लवेचं कापड वापरणार असाल तर ते कात्रीने कापू नका. उलट्या बाजूने फक्त मागचं कापड कटरच्या टोकाने चिरा आणि केस हाताने वेगळे करा, म्हणजे कडेचे केस आखूड होत नाहीत.

बोलवून बघा

बोलताना वरचा जबडा झटकायचा नाही, अंगठा खाली न्यायचा. नाहीतर प्रत्येक शब्दाला बाहुलीची नजर छताकडे जाते. दर अक्षराला तोंड एकदा उघडायचं. आपल्या वर्णमालेचा इथे छान उपयोग होतो. प, फ, ब, भ, म म्हणताना ओठ मिटतात, तेव्हा बाहुलीचंही तोंड मिटलेलं हवं आणि ‘आ’ला सगळ्यात मोठं उघडलेलं. ‘आई, मला बाहेर सोड’ हे वाक्य आरशासमोर सावकाश म्हणून बघा. ‘म’ आणि ‘बा’च्या आधी तोंड मिटलं की बाकीचं जमत जातं.

ठेवताना ती पिशवीत कोंबू नका, उभ्या बाटलीवर चढवून उन्हापासून दूर ठेवा. फोम काही वर्षांनी पिवळा पडून भुगा होतोच. तेव्हा तोंडाच्या कडेचे टाके उसवा, त्याच मापाचा नवा घुमट आत बसवा आणि तीच कातडी, तोच चेहरा पुन्हा वर शिवा.