मेनफ्रेमच्या मॉडेल क्रमांकावरून क्षमता कशी ओळखावी

आयबीएमच्या झेड मालिकेतील दोन मेनफ्रेमचे (म्हणजे बँकांसारख्या मोठ्या संस्था वापरतात त्या महासंगणकीय व्यवहार-यंत्रांचे) नाव एकच असूनही त्यांच्या प्रक्रिया-क्षमतेत मोठा फरक असू शकतो. म्हणून केवळ 'झेड १४' एवढ्या नावावर विसंबू नये.

१. झेड/ओएस या मेनफ्रेमच्या कार्यप्रणालीच्या कन्सोलवर 'डी एम=सीपीयू' (D M=CPU) ही आज्ञा द्यावी आणि उत्तरातील 'सीपीसी एसआय' (CPC SI) ही ओळ पाहावी.

२. तेथे '३९०६.७०५' असे दिसल्यास ३९०६ हा यंत्राचा प्रकार, म्हणजे झेड १४, समजावा.

३. '७०५' मधील पहिला अंक वेगाची पातळी सांगतो: ७ म्हणजे पूर्ण वेग, तर ६, ५ आणि ४ या क्रमाने उतरत्या पातळ्या. शेवटचे दोन अंक म्हणजे सर्वसाधारण प्रोसेसरांची संख्या. झिप (zIIP, जावा व डेटाबेससारख्या ठरावीक कामांसाठी) आणि आयएफएल (IFL, लिनक्ससाठी) हे विशेष प्रोसेसर या संख्येत धरले जात नाहीत, आणि नेमके हेच अनेकदा नजरेआड होते.

झेड १४ झेडआर१ सारख्या लहान यंत्रांत मात्र ए ते झेड ही अक्षरे पातळी दर्शवतात.

सावधगिरी एवढीच, की ७०२ ची क्षमता ७०१ च्या दुप्पट नसते, कारण प्रोसेसर वाढतात तसा समन्वयाचा भारही वाढतो. त्यामुळे दोन मॉडेलांची तुलना आयबीएमच्या एलएसपीआर (LSPR) तक्त्यांवरून, म्हणजे कामाच्या प्रकारानुसार मॉडेलांची सापेक्ष क्षमता देणाऱ्या तक्त्यांवरून, आपल्या कामाच्या स्वरूपाशी जुळणारा स्तंभ निवडूनच करावी.