व्हीट बिअरला डेटॉलचा वास येतोय? आधी पाणी बघा

हेफेवाइझन, म्हणजे बव्हेरियन पद्धतीची गव्हाची बिअर, घरी करताय तर पहिलं हे लक्षात घ्या, केळ्याचा आणि लवंगेचा वास हे दोष नाहीत. बव्हेरियन यीस्टचं तेच तर काम. पहिल्यांदा करणारे केळ्याच्या वासाने घाबरून अख्खी बॅच ओतून देतात, कृपया नका करू असं. ग्लासात ओता, जरा गारवा जाऊ दे, मग नाकाशी धरा, फ्रीजमधून काढल्या काढल्या काही कळत नाही.

डेटॉल किंवा बँडएडचा वास मात्र खरा दोष, आणि नेमका हाच लोक लवंग समजून सोडून देतात, कारण दोन्ही फिनॉल नावाच्या उग्र वासाच्या रसायनांचेच प्रकार. हे यीस्ट फिनॉल बनवतंच, त्यात नळाच्या पाण्यातलं क्लोरीन राहिलेलं असेल तर क्लोरोफिनॉल तयार होतं आणि ते अगदी नखभर असलं तरी जाणवतं. डेटॉलमधलं क्लोरोझायलेनॉल ह्याच जातीचं, म्हणून वास इतका ओळखीचा वाटतो. माझी खूण सांगते, लवंग गोडसर असते आणि घोट गिळला की संपते, डेटॉल जिभेच्या मागे रेंगाळत राहतो.

उपाय स्वस्त आहे. पाणी उकळलं की क्लोरीन उडतं, पण अमेरिकेत बऱ्याच शहरांत पाण्यात क्लोरामाइन घालतात आणि ते उकळून सहज जात नाही, तिथे कॅम्पडेनची गोळी (क्लोरीन-क्लोरामाइन घालवणारी सल्फाइटची गोळी) लागते. एक गोळी साधारण 75 लिटरला पुरते, म्हणजे 20 लिटरच्या बॅचला पाव गोळी, चुरून पाण्यात टाकायची आणि तीही माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) घालायच्या आधी. भांडी ब्लीचने धूत असाल तर ते आजच बंद करा. एवढं करूनही वास आलाच तर जंगली यीस्ट घुसलंय, मग नळ्या, तोटी, चरे पडलेली प्लास्टिकची बादली सरळ बदला. तयार बिअरमधून हा वास काढता येत नाही.

नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास आणि घशाला जळजळ असेल तर फर्मेंटेशन, म्हणजे आंबवण, जास्त तापमानात झालंय. खोली 20 अंशांवर आहे म्हणून निर्धास्त राहू नका, यीस्ट जोरात असताना बादलीतलं तापमान दोन-चार अंश वर जातं, थर्मामीटर बादलीलाच चिकटवा आणि पहिले तीन दिवस 17 ते 20 मध्ये ठेवा, पाण्याच्या टबात बसवली तरी चालतं. लवंग कमी वाटत असेल तर मॅश करताना, म्हणजे माल्ट गरम पाण्यात भिजवताना, 43-45 अंशांवर पंधरा मिनिटं थांबा, फेरुलिक अ‍ॅसिड सुटतं आणि त्याचीच पुढे लवंग होते.

सडक्या अंड्याचा वास आला तर काहीच करू नका, ह्या यीस्टला गंधकाची सवयच आहे, आठवडाभर जास्त ठेवली की बहुतेक वेळा उडून जातो. उकडलेल्या मक्याचा वास म्हणजे उकळताना झाकण ठेवलंत, पिल्सनर (फिकट रंगाचं) माल्ट असेल तर उघड्या भांड्यात 90 मिनिटं उकळा आणि मग पटकन गार करा. बाटलीत भरल्यावर ओल्या पुठ्ठ्याचा वास म्हणजे ओतताना हवा लागली, नळी बाटलीच्या तळापर्यंत न्या, फेसाळू देऊ नका.

आंबट झाली असेल आणि बाटली उघडताच फेस उसळत असेल तर उरलेल्या बाटल्या लगेच फ्रीजमध्ये हलवा, हातमोजे घालून, डोळ्यांवर चष्मा लावून, कारण काच फुटू शकते.