मासिक बंद पडायच्या आधीचे सहा आठवडे

मासिक बंद पडणार अशी कुणकुण लागली की पत्रकार मंडळी पहिलं काम करतात ते निवेदन काढण्याचं. खाली पन्नास सह्या, वर ‘विचारांचा दिवा विझू देऊ नका’. वाचक हळहळतो, चार जणांना पुढे पाठवतो आणि आपापल्या कामाला लागतो, कारण आपण नेमकं काय करायचं हे त्यात कुठेच लिहिलेलं नसतं. म्हणून निवेदन शेवटी लिहा. पहिला आठवडा हिशोबाचा.

एका कागदावर दोन रकाने पाडा. एकात मागचं देणं: छापखाना, कागदवाला, थकलेलं मानधन, जागेचं भाडं. दुसऱ्यात दर महिन्याची तूट. देणं एकदाच फेडायचं असतं, त्यासाठी देणगी मागा. तूट दर महिन्याला येते, ती वर्गणीनेच भरायची. हे दोन्ही एकाच झोळीत टाकलं की मोहिमेत तीन लाख जमतात, सगळे टाळ्या वाजवतात आणि आठ महिन्यांनी तेच निवेदन पुन्हा काढावं लागतं.

आता तुटीचं गणित. समजा, दीड हजार प्रतींचं मासिक आहे. महिन्याचा खर्च १,३५,००० रुपये, जाहिराती आणि स्टॉलविक्री मिळून ५०,०००. वर्गणी वर्षाला ६०० रुपये आणि पैसे भरणारे वर्गणीदार ९००, म्हणजे महिन्याला ४५,०००. तूट महिन्याला ४०,०००, वर्षाला ४,८०,०००. इथे जवळपास सगळे भागाकार चुकवतात. ४,८०,००० भागिले ६०० म्हणजे ८०० नवे वर्गणीदार, असं फलकावर लिहून मोकळे होतात. पण नव्या वर्गणीदाराला अंकही द्यायचा असतो. वाढीव प्रतीचा कागद, छपाई, पाकीट, टपाल मिळून १५ रुपये धरले तर वर्षाला १८० गेले. हाती उरतात ४२०. म्हणजे हवेत ११४३, आठशे नव्हेत.

वर्गणी ७५० केली तर? जुन्यांपैकी दहातला एक गळेल असं धरा. उरलेल्या ८१० जणांचे ६,०७,५०० होतात, गळालेल्यांच्या प्रतींचा खर्चही वाचतो आणि तूट ३,९६,३०० वर येते. नव्या वर्गणीदारामागे आता ५७० उरतात, म्हणून हवेत साधारण ७००. हा आकडा मोहिमेचा. ‘मासिक वाचवा’ हे घोषवाक्य झालं. ‘३१ मार्चपर्यंत ७०० नव्या वर्गण्या, आज झाल्या १६२’ ही बातमी झाली, आणि बातमी कशी द्यायची हे पत्रकारांना वेगळं शिकवायला नको.

आजीव वर्गणी मात्र काढू नका. मोह होतो, कारण एकदम मोठी रक्कम हातात येते. मराठी मासिकांच्या यादीत शे-पाचशे रुपयांत कधीकाळी आजीव झालेले वाचक असतातच आणि त्यांना अंक आजही जातो. वर धरलेल्या हिशोबाने असे ३५० जण वर्षाला ६३,००० रुपयांना पडतात. त्यांचा अंक बंद करायचा नाही, शब्द दिलेला आहे. त्यांना हिशोबासकट पत्र लिहा आणि स्वेच्छेने वार्षिक वर्गणी सुरू करा म्हणावं. ज्यांना जमेल ते करतील, बाकीच्यांना पुन्हा विचारू नका.

यादी आणि फोन

दुसरा आठवडा पत्त्यांचा. कंटाळवाणं काम आहे, पण मोहीम इथेच जिंकली किंवा हरली जाते. ठाण्यात नौपाडा, पाचपाखाडीतल्या जुन्या इमारती पुनर्विकासाला गेल्या की वाचक तीन वर्षांसाठी भाड्याच्या घरात जातो. अंक पत्र्याच्या कुंपणापर्यंत जाऊन परत येतो. परत आलेली पाकिटं फेकू नका, तीच पहिली फोनयादी. नवी मुंबईत घोळ वेगळा: ‘सेक्टर १५’ वाशीतही आहे, नेरूळलाही आणि बेलापूरलाही. नोडचं, म्हणजे उपनगराचं, नाव आणि पिनकोड दोन्ही हवेत: वाशी ४००७०३, नेरूळ ४००७०६, ऐरोली ४००७०८, कोपरखैरणे ४००७०९, सीबीडी बेलापूर ४००६१४. पत्त्याच्या लेबलवर नावाखाली ‘वर्गणी समाप्ती: मार्च’ छापायला सुरुवात करा. वर्गणी संपलीये हे बऱ्याच वाचकांना माहीतच नसतं. अंक येत राहतो, त्यांना वाटतं भरलीये.

मग फोन. सकाळी ११ ते १ आणि संध्याकाळी ५ नंतर. दुपारी एक ते चार ज्येष्ठ वाचकाला उठवलंत तर वर्गणी विसरा. बोलणं एवढंच: “नमस्कार काका, मासिकाकडून बोलतोय. तुमची वर्गणी मार्चमध्ये संपतेय. अंक चालू ठेवायचाय ना? रक्कम आता ७५० झालीये. फॉर्म व्हॉट्सॲपवर पाठवू की घरी?” रडगाणं नको. कारण त्यांनी विचारलं तरच सांगा, आणि तेव्हा आकड्यासकट सांगा. एकाने बसून तासाभरात दहा-बारा फोन होतात, त्यामुळे ९०० नावांना आठ-दहा जण लागतील. संपादकाला यात बसवू नका. त्याच्याशी वाचक अर्धा तास बोलतात आणि अंकही वेळेवर निघत नाही.

व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण मावतात, पण ज्यांनी तुमचा नंबर फोनमध्ये साठवलाय त्यांनाच निरोप पोचतो. म्हणून प्रत्येक फोनच्या शेवटी “हा नंबर मासिकाच्या नावाने सेव्ह करा” हे वाक्य हवंच.

पैसा कुठून, कसा

यूपीआय कोड मासिकाच्या चालू खात्याचा हवा. एखाद्या भल्या माणसाच्या खात्यावर पैसे घेतले की महिन्याभरात संशयाला तोंड फुटतं, आणि माणूस भला असला तरी फुटतं. धनादेश घेणं बंद करू नका. पावतीपुस्तकं दोन रंगांची: वर्गणीचं वेगळं, देणगीचं वेगळं. मासिक करसवलत असलेल्या न्यासाचं नसेल तर ‘करसवलत मिळेल’ हे शब्द पत्रकात चुकूनही नकोत.

परदेशातल्या मदतीबद्दल फार जपून. परकीय योगदान नियमन कायदा, २०१० नुसार नोंदणीकृत वृत्तपत्राचे मालक, संपादक, प्रकाशक, मुद्रक, स्तंभलेखक यांना परकीय देणगी घेता येत नाही. अमेरिकेतला भाचा भारतीय पासपोर्टवर असेल आणि स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवत असेल तर ती परकीय ठरत नाही. त्याने तिथलं नागरिकत्व घेतलं असेल तर, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी, ठरते. त्याला देणगी मागू नका. अंकाची नेहमीची वर्गणी भरू दे.

स्थानिक नेते फलक लावायला तयार होतील, बिल्डर पूर्ण पान जाहिरात देईल. जाहिरात घ्यायला हरकत नाही, फक्त एकाच जाहिरातदारावर निम्मा अंक उभा राहायला नको. फलक मात्र नकोच. पालिकेच्या परवानगीचा प्रश्न आहेच, शिवाय त्यावर मासिकापेक्षा नेत्याचा चेहरा मोठा असतो.

मोहिमेतले जे पत्रकार दुसरीकडे नोकरी करतात त्यांनी आपल्या संपादकाला आधी कळवावं, आणि मोहिमेची बातमी स्वतः करू नये. सहकाऱ्याला करू द्यावी.

लोकांसमोर

वाचक मेळावा रविवारी ठेवायचा विचार असेल तर आधी रेल्वेचा मेगाब्लॉक, म्हणजे दुरुस्तीसाठी लोकल बंद आहेत का, ते बघा. ठाणे आणि नवी मुंबई जोडणारी ट्रान्सहार्बर लोकल बंद असली की ठाण्यातल्या सभेला ऐरोली ते नेरूळ पट्टा येत नाही. शनिवारी संध्याकाळी साडेपाच बरं. शंभर-सव्वाशेचं सभागृह पुरे. मोठ्या नाट्यगृहात दीडशे माणसं म्हणजे रिकाम्या खुर्च्यांचा फोटो. प्रमुख पाहुणे नकोत. पडद्यावर तो हिशोबाचा कागद दाखवा, दहा मिनिटं बोला, चाळीस मिनिटं प्रश्न घ्या. ‘इतकी वर्षं काय करत होता?’ हा प्रश्न येणारच. उत्तर व्यवस्थापनाने द्यावं, पत्रकारांनी नाही. वर्गणीचं टेबल दाराशी, आणि चहा त्याच्या पलीकडे. चहा आधी दिलात की लोक कप ठेवून परस्पर जिन्याकडे वळतात. सभागृहात नेटवर्क मिळेलच असं नाही, म्हणून छापील फॉर्म आणि चार पेनं.

स्टेशनवर पत्रकं वाटायची असतील तर हद्दीबाहेर. परवानगीशिवाय रेल्वेच्या आवारात ग्राहक गोळा करणं रेल्वे कायद्याच्या कलम १४४ खाली गुन्हा आहे. तसंही गर्दीत हातात आलेलं पत्रक रिक्षात बसेपर्यंत पडतं. पाडव्याची स्वागतयात्रा, ग्रंथालयाचा काउंटर, नाटकाचं मध्यंतर इथे माणूस थांबलेला असतो. तिथे जुने अंक ठेवा, चाळू द्या.

या सगळ्या धावपळीत अंक उशिरा निघतो आणि कोणीतरी दोन महिन्यांचा मिळून जोडअंक काढूया म्हणतं. नको. टपालाची वृत्तपत्र-सवलत ३१ दिवसांपेक्षा जास्त अंतराने निघणाऱ्या प्रकाशनाला नाही, आणि अंक ठरल्या तारखेला ठरल्या टपाल कचेरीत टाकावा लागतो. सवलतीचा दर पैशांत मोजायचा असतो. तारीख चुकली की रुपयांत. १ मार्च २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नियतकालिक नोंदणी कायद्यातही सलग प्रकाशन न होणं हे नोंदणी निलंबित होण्याचं एक कारण आहे. पानं कमी करायची तर सोळाच्या फर्म्याने, म्हणजे एकत्र छापल्या जाणाऱ्या सोळा पानांच्या गठ्ठ्याने, करा: ८० वरून ६४. सत्तर पानं करून कागद वाचत नाही.

पत्रकावर शेवटची ओळ ही छापा: ठरल्या तारखेपर्यंत ७०० वर्गण्या झाल्या नाहीत तर नव्या वर्गणीदारांचे पैसे, गेलेल्या अंकांची किंमत वजा करून, ३० दिवसांत परत. त्यासाठी नवी वर्गणी तोवर वेगळ्या खात्यात पडून राहायला हवी, छापखान्याचा माणूस दारात उभा असला तरी.